थांबण्यापुरती जागा

विमान धावपट्टीवर वेग घेऊ लागतं तेव्हा कॅप्टनचा एक हात थ्रस्ट लिव्हरवर असतो. इंजिनांची ताकद कमी-जास्त करणारे ते दांडे. उड्डाणाला लागेल तेवढी ताकद तर आधीच देऊन झालेली असते, मग हात तिथे कशाला, असं मला वाटायचं. आमच्या सोसायटीत एक निवृत्त वैमानिक राहतात. संध्याकाळी बाकावर बसलेले असले की त्यांना काहीही विचारावं, मनापासून सांगतात. ते म्हणाले, "तो हात थांबण्यासाठी असतो." इंजिन बंद पडलं, आगीची घंटा वाजली, तर त्याच क्षणी दांडे मागे ओढायचे आणि विमान उभं करायचं. वेग वाढत जातो आणि एका ठरलेल्या आकड्याला कॉकपिटमध्ये पुकारा होतो, 'व्ही वन'. हे सांगताना त्यांनी गुडघ्यावर ठेवलेला उजवा हात झटक्यात उचलला. इतकी वर्षं झाली निवृत्त होऊन, पण तो हात अजून त्या शब्दासरशी उचलला जातो.

व्ही वनच्या पुढे इंजिन गेलं तरी थांबायचं नसतं. उरलेली पट्टी थांबायला पुरणार नसते. राहिलेल्या इंजिनावर वर जायचं, फेरी मारायची आणि परत येऊन उतरायचं.

हा आकडा प्रत्येक उड्डाणाला नव्याने काढतात. माणसं आणि सामान किती, इंधन किती, वारा समोरून आहे की पाठीमागून, पट्टी कोरडी की ओली, हे सगळं हिशेबात येतं. मे महिन्यात नागपूरला पारा पंचेचाळिशीला टेकला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि त्याच विमानाला जास्त धावावं लागतं. आणि पट्टी पुरेशी आहे का हे बघताना नुसतं उडायला किती लागेल एवढंच बघत नाहीत. व्ही वनपर्यंत धावल्यावर बेत रद्द करावा लागला तरी टोकाच्या आत उभं राहता आलं पाहिजे, हेही बघतात. नसेल जमत तर वजन उतरवतात.

हे ऐकल्यापासून रनवे म्हटलं की मला आधी ते थांबायचं अंतर आठवतं. हल्ली तर हा शब्द सारखा कानावर पडतो. विमानतळावर पडतोच, पण पुण्यात बाणेर-बालेवाडीच्या कुठल्याही कॅफेत बसलात तर शेजारच्या टेबलावर 'रनवे किती उरलाय?' चाललेलं असतं आणि तिथे विषय बँकेतल्या पैशांचा असतो. भालाफेकीच्या मैदानावर रनवे असतो. फॅशन शोमध्येही असतो, आपण त्याला रॅम्प म्हणतो. तिथे मात्र टोकाला जाऊन थांबणं आणि वळणं हीच कामगिरी. बाकी सगळीकडे माणसं उडायला किती लागेल एवढंच मोजतात. थांबायला किती लागेल ते मोजणारा क्वचित भेटतो.

धावपट्टी स्वतः मात्र ते सारखं सांगत असते. रात्री उतरताना मधल्या रेषेवरचे दिवे पांढरे दिसतात. टोक 900 मीटरवर आलं की एक लाल, एक पांढरा असे आलटून पालटून दिसायला लागतात. शेवटचे 300 मीटर सलग लाल. कडेचे दिवेसुद्धा शेवटच्या 600 मीटरमध्ये पांढऱ्याचे पिवळे होतात. वैमानिकाला अंदाज बांधत बसावं लागू नये, किती उरलंय ते रंगावरून कळावं, म्हणून ही सोय. मला हे दिवे फार आवडतात. इतक्या सरळपणे 'एवढंच राहिलंय' असं सांगणारी गोष्ट आयुष्यात दुसरी कुठली आहे, मला सांगा.

पट्टी थांबवू शकते ती तिच्या पृष्ठभागामुळे. टायर टेकतात तिथे दर वेळी थोडं रबर घासून चिकटतं. त्याचा थर साचला की पट्टी गुळगुळीत होते, आणि त्यावर पावसाचं पाणी आलं की चाक आणि पट्टी यांच्यात पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. मग ब्रेक लावून उपयोग नसतो, विमान पाण्यावरून सरकत राहतं. म्हणून पट्टीवर आडव्या बारीक खाचा असतात, पाणी निघून जावं यासाठी, आणि रबर नियमित खरवडून काढावं लागतं. मुंबईत दर वर्षी मे महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर, एक दिवस दोन्ही धावपट्ट्या सहा तास बंद ठेवतात. जिथे दिवसाला 900 हून जास्त विमानं ये-जा करतात तिथे सहा तास म्हणजे काय किमतीचे! दोन्ही पट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. तरीही बंद ठेवतात. आपल्याकडे देखभालीचं काम पुढे ढकलायची सवय इतकी मुरलेली असताना हे दर वर्षी होतं याचं मला कौतुक वाटतं. त्या दिवशी खोळंबलेल्या प्रवाशांनी चिडू नये, असं मनापासून वाटतं.

आणि तरी पाऊस तो पाऊस. 1 जुलै 2019 च्या रात्री, मुंबई तुंबली होती त्या पावसात, जयपूरहून आलेलं विमान मुख्य धावपट्टीच्या टोकाबाहेर गेलं आणि चिखलात रुतलं. कुणाला इजा झाली नाही. पण ते विमान ओढून काढेपर्यंत मुख्य पट्टी काही दिवस बंद राहिली.

मुंबईतच, थोडं पश्चिमेला, जुहूची पट्टी आहे. 1928 पासूनची. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन आपल्या छोट्या पस मॉथ विमानातून इथेच उतरले. तेव्हा जुहूला पावसाळ्यात नुसता चिखल व्हायचा, म्हणून पावसाळ्यापुरती ती टपालसेवा पुण्याला, येरवड्याला हलवावी लागायची. पुढे मोठा विमानतळ सांताक्रूझला झाला आणि जुहू लहान विमानांसाठी आणि हेलिकॉप्टरसाठी राहिलं. पट्टी सव्वा किलोमीटरचीही नाही. पण आकाशातून बघणाऱ्याला दोन्ही विमानतळ शेजारी शेजारी, आणि त्यातून चुका झाल्या. जुलै 1953 मध्ये ब्रिटिश कंपनीचं कॉमेट, त्या काळचं नवंकोरं जेट, सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. थांबलं! काही दिवसांनी हलकं करून तिथूनच उडवून नेलं. सप्टेंबर 1972 मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-8 तसंच चुकून जुहूला टेकलं, पण त्याला पट्टी पुरली नाही. ते टोकाबाहेर गेलं आणि कायमचं निकामी झालं. माणसं वाचली.

आपल्याच मुंबईतली ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नाही.

मंगळूर आणि कोळिकोड या दोन ठिकाणी सगळी माणसं वाचली नाहीत. दोन्ही पट्ट्या डोंगरमाथ्यावरच्या, टेबलटॉप म्हणतात तशा, टोकापलीकडे उतार. 22 मे 2010 ला दुबईहून आलेलं विमान मंगळूरच्या 2,450 मीटरच्या पट्टीवर जवळपास 1,600 मीटर मागे टाकल्यावर टेकलं. 158 माणसं गेली, आठ वाचली. चौकशी समितीचे अध्यक्ष होते हवाई दलाचे निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. त्या अहवालातले दोन तपशील माझ्या डोक्यातून जात नाहीत. टेकायच्या आधी सहवैमानिकानं पुन्हा वर जाऊ या, असं सांगितलं होतं. आणि उशिरा टेकूनसुद्धा, त्याच क्षणी पूर्ण ताकदीनं ब्रेक लावले असते तर विमान थांबू शकलं असतं. झालं असं की ब्रेक लागले, इंजिनांचा उलटा जोर सुरू झाला, आणि मग कॅप्टननं पुन्हा उडायचा प्रयत्न केला. थांबणंही अर्धवट राहिलं, उडणंही.

कोळिकोडला 7 ऑगस्ट 2020 ला, करोनात परदेशी अडकलेल्यांना आणणारं विमान. रात्र, पाऊस, पाठीमागून वारा. निम्मी पट्टी मागे गेल्यावर चाकं टेकली. 21 माणसं गेली, त्यांत दोन्ही वैमानिक. कॅप्टन दीपक साठे हवाई दलातून आलेले, वैमानिक म्हणून फार वरच्या दर्जाचे. त्यांचे आईवडील नागपूरला. तपास अहवालात वैमानिकांच्या निर्णयाबद्दल जे लिहायचं ते लिहिलंय आणि ते लिहायलाच हवं होतं, त्याशिवाय पुढचा अपघात टळत नाही. पण मी जेव्हा त्या रात्रीचा विचार करतो तेव्हा मला निष्काळजी माणूस दिसत नाही. एकदा उतरायचा प्रयत्न सोडून दिलेला, दुसऱ्यांदा आलेला, विमानात एकशे ऐंशीच्या वर लोक, महिनोन् महिने घराची वाट बघणारे. 'आता उतरवूच' हे वाटणं किती माणसासारखं आहे! म्हणून तर नियम माणसाच्या वाटण्यावर सोडलेला नसतो. ठरलेल्या टप्प्यात चाकं टेकली नाहीत तर वर जा, विचार करत बसू नका, असा तो असतो.

पट्टीच्या पलीकडे काय आहे यावरही पुष्कळ ठरतं. दक्षिण कोरियात मुआनला डिसेंबर 2024 मध्ये विमान पट्टी संपल्यावरही घसरत गेलं आणि पुढे अँटेना बसवण्यासाठी केलेल्या काँक्रीटच्या भरावावर आदळलं. 181 पैकी दोघं वाचली. याउलट न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर टोकापलीकडे ठिसूळ काँक्रीटचे ठोकळे बसवलेत. चाकं त्यांत दाबली जातात, ठोकळ्यांचा भुगा होतो आणि विमान रुतून थांबतं. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाचे तेव्हाचे उमेदवार माइक पेन्स यांचं प्रचाराचं विमान असंच रुतलं आणि सगळे चालत उतरले. चुकणाऱ्यासाठी आधीच करून ठेवलेली ही तजवीज मला माणुसकीची वाटते. कुणीतरी, कधीतरी, चांगला असूनही चुकेल, हे गृहीत धरून कुणीतरी ते ठोकळे घातलेले असतात.

ही सगळी लांबी कुठून तरी येते, हेही सांगायला हवं. नवी मुंबईची 3,700 मीटरची पट्टी व्हावी म्हणून उलव्याची टेकडी कापली, उलवे नदी वळवली, दहा गावं उठवली. पुरंदरला सात गावांतले शेतकरी अंजीर-सीताफळाच्या बागा द्यायला तयार नव्हते, मोजणीच्या वेळी 2025 मध्ये पोलिसांशी झटापट झाली ती आपण पाहिली. मी कोल्हापूरचा. उजळाईवाडीची पट्टी 1,370 मीटरची होती, ती वाढवली तेव्हा मोठी विमानं यायची सोय होणार म्हणून आनंद झालाच. पण कुणाची तरी धाव लांबते तेव्हा कुणाचं तरी शिवार आखूड होतं, आणि त्या माणसाला 'विकासाला विरोध करणारा' म्हणून मोकळं होता येत नाही. त्याची नव्यानं उभं राहायची धाव किती वर्षांची असणार, याचा हिशेब मोबदल्याच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात असतो?

भालाफेकीत हेच सगळं तीसेक मीटरमध्ये दिसतं. चार मीटर रुंद रनवे, कमीत कमी तीस मीटर लांब, पुढे वक्ररेषा. तिला पाय लागला की फेक बाद. सगळी धाव अशी की शेवटी एका क्षणात शरीर थांबवायचं. पुढचा पाय खुंटीसारखा रोवला की धावण्याचा वेग अंगातून भाल्यात जातो. जो नीट थांबत नाही त्याचा भाला लांब जात नाही. नीरज चोप्रा फेकल्यावर पुढे झोकून देतो आणि हातांवर पडतो, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. ते पडणं रेषेच्या आत राहण्यासाठीचं असतं. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्याच्या सहा फेकींपैकी पाच फाउल होत्या. एकच धरली गेली, 89.45 मीटर, आणि तिनं रौप्य दिलं. ती फेक पुन्हा लावून बघा, भाल्याकडे न बघता त्याच्या डाव्या पायाकडे बघा.

आता पैशांच्या रनवेकडे येतो, कारण त्यात माझा एक जवळचा मित्र होता. दूधसंकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करायची छोटी कंपनी. या जगातला हिशेब सोपा आहे: बँकेत साठ लाख, महिन्याचा खर्च पाच लाख, तर रनवे बारा महिन्यांचा. गुंतवणूकदार हाच आकडा विचारतात, मालक हाच सांगतात, लोक रात्री झोपताना हाच मोजतात. माझ्या मित्रानं त्यात एक ओळ वाढवली होती. कंपनी बंदच करायची वेळ आली तर किती लागतील? लोकांना दोन महिन्यांचा पगार. पाच वर्षं झालेल्यांची ग्रॅच्युइटी. जीएसटीची विवरणपत्रं, सीएची फी, ऑफिसच्या भाडेकराराची राहिलेली मुदत. संस्थांचा डेटा त्यांना वापरता येईल अशा रूपात परत द्यायला एका माणसाचं दोन-अडीच महिन्यांचं काम. हे सगळं वीस लाखांच्या आसपास जात होतं. म्हणजे त्याचा रनवे बाराचा नव्हता, आठचा होता.

आठवा महिना आला, ज्या कराराची वाट बघत होते तो आला नाही, आणि त्यानं थांबायचं ठरवलं. मीटिंगला मी होतो, कारण मी त्यांची कागदपत्रं बघायचो. एक मुलगा म्हणाला, "सर, अजून चार महिन्यांचे पैसे आहेत की." मित्र म्हणाला, "ते तुमचे आहेत." सगळ्यांना पगार मिळाले, अनुभवाची पत्रं मिळाली, आणि डेअऱ्यांचा एक दिवसाचाही हिशेब बुडाला नाही. कंपनी बंद झाली ही बातमी कुठे छापून आली नाही. जे शेवटच्या रुपयापर्यंत ओढत नेतात आणि त्यातून तरतात, त्यांच्या गोष्टी छापून येतात. जे ओढत नेतात आणि पडतात त्यांच्याकडच्या पोरांचे तीन-तीन महिन्यांचे पगार थकतात. मित्राच्या त्या निर्णयाला मी यश मानतो, आणि त्याला तसं तोंडावर सांगितलंय.

हे सगळं लिहायला बसलो ते भाचीमुळे. ती सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करते. अभ्यासिकेतली तिची जागा मी पाहिली आहे: दोन फुटांचं टेबल, दोन्ही बाजूंना प्लायवूडचे आडोसे, समोर चिकटवलेलं वेळापत्रक, एक पाण्याची बाटली. वरच्या मजल्यावर जायच्या जिन्यात चपलांची रांग. सकाळी सातला जी शांतता असते तीच रात्री अकराला. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आलेली ही मुलं किती मेहनत करतात ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी त्यांच्याबद्दल बोलू नये, असं माझं मत आहे.

त्यांच्या रनवेची लांबी सरकारनं ठरवून दिली आहे. खुल्या प्रवर्गाला वयाच्या 38 वर्षांपर्यंत, मागासवर्गीयांना 43. ऐकायला किती लांब वाटते! यूपीएससीत खुल्या प्रवर्गाला निदान सहा प्रयत्न असा आकडा आहे, संपला की संपला. इथे पट्टी इतकी लांब की लाल दिवे दिसतच नाहीत. त्यात मधूनच परीक्षेचं स्वरूप बदलतं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार म्हणून 2023 मध्ये मुलं रस्त्यावर उतरली, तो बदल 2025 वर गेला. ज्यांनी एका पद्धतीसाठी वर्षं घातली त्यांना धावता धावता दुसरी पद्धत आली. आणि गावाकडून फोन येतात ते 'झालं का?' एवढंच विचारायला. थांबलीस तर काय करशील, त्याला काय लागेल, किती महिने, किती पैसे, हे कुणी विचारत नाही, कारण ते विचारणं म्हणजे अपशकुन.

मला तो अपशकुन वाटत नाही. कॉकपिटमधला तो हात काही विमान पडावं म्हणून तिथे नसतो. उलट, हात तिथे आहे म्हणून तर निर्धास्त वेग घेता येतो. शिकवणी वर्गांनी प्रवेशाच्या वेळीच मुलांबरोबर बसून हा दुसरा हिशेब मांडावा, असं मी जिथे संधी मिळेल तिथे बोलतो. विद्यापीठांनी तीन-चार वर्षांचा खंड पडलेल्यांसाठी परत यायचे रस्ते सोपे करावेत. नोकरी देणाऱ्यांनी त्या खंडाकडे संशयानं बघू नये. राज्यघटना, अर्थशास्त्र, इतिहास इतका कसून वाचलेला माणूस तुमच्याकडे काम मागतोय!

गेल्या महिन्यात भाची घरी आली होती. जेवताना मी तिला व्ही वन सांगितलं, दांडे, हात, सगळं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, पण आमचा व्ही वन कोण पुकारणार?"

मी म्हटलं, "तूच. पण आत्ता, डोकं शांत असताना आकडा ठरव. निकालाच्या दिवशी नको."

ताट उचलायच्या आत तिनं मोबाइलवर लिहायला घेतलं. बी.एड.ला दोन वर्षं, त्याची फी, तिच्या आईकडे बाजूला ठेवलेले किती, आणि शिक्षक भरतीच्या परीक्षेत आत्ताच्या अभ्यासातला किती भाग चालेल. मागे मोजत गेली आणि एका वर्षावर थांबली. तिथपर्यंत तिला अजून दोन मुख्य परीक्षा मिळतात. पुण्याला परत जायला रात्रीची एसटी धरायची होती, तर निघताना तो आकडा तिनं आईला फोन करून सांगितला. पलीकडून ताई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण भाची म्हणत होती, "अगं सोडत नाहीये. तोवर मन लावून करते, एवढंच सांगतेय."